फ्रेशर्स फेअरमधली भवानी

नॉटिंगहॅमला शिकत असताना आमचं मराठी मंडळ कसं वाचलं, ते ऐका. पुरेसे मेंबर मिळाले नाहीत, तर स्टुडंट्स युनियन ते बंद करणार होती. त्यामुळे फ्रेशर्स फेअरला, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, मी आणि नितीन सकाळपासून स्टॉलवर उभे होतो. मेंबर मिळाला होता एक, तोही चुकून आलेला. पाय इतके भरून आले, की शेवटी आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारायचंही सोडलं.

तेवढ्यात लेआ नावाची लंडनची ज्यू मुलगी आली. तिची आजी मुंबईची. म्हणाली, "मला मराठी येतं, पण आजी ओरडते तेवढंच."

"मग तू ओरड बाई," नितीन म्हणाला. "आमच्यात आता दम नाही."

ती खुर्चीवर चढली आणि गर्दीकडे बघून कडाडली, "अगं भवाने, कुठे उंडारतेयस? आधी इकडे ये!"

सगळी गर्दी तशीच पुढे गेली. फक्त एक उंच, दाढीवाला मुलगा दचकून थांबला. मग दोन मुली वळल्या, मग आणखी काही जण. सगळे मराठी घरांतले.

संध्याकाळपर्यंत मंडळ वाचलं. मी दाढीवाल्याला विचारलं, "तुला भवानी म्हटलं, तरी आलास?"

"घरी कोणी असं ओरडलं," तो म्हणाला, "की मी जेंडर बघत बसत नाही. आधी जातो."