फिक्री उस्तांचं ‘उद्या’

अलेक्झांड्रियातल्या फिक्री शिंप्याच्या दुकानात मी विजारीसाठी चौथ्यांदा खेटा घातला होता. संध्याकाळ झाली होती. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

“उस्ता, कोटाचं कापड कालच दिलंय. सहज डोकावलो.”

“ये रऊफ. कोट तयार आहे, घेऊन जा.”

“थट्टा करताय? वीस वर्षं तुमच्या तोंडून ‘उद्या, इन्शाअल्ला’शिवाय काही ऐकलं नाही!”

“सकाळी तुझी आई येऊन बसली. म्हणाली, आजच्या आज शिवून दे, पोराला उद्या सवड नाही.”

“मी कुठं चाललोय उद्या?”

“ते नाही बोलली.”

“उस्ता, आईला जाऊन नऊ वर्षं झाली.”

“माहीत आहे रे. म्हणून तर तिला ‘उद्या’ म्हणायची हिंमत झाली नाही.”

मग ते माझ्याकडे वळले. “तुमची विजार उद्या, इन्शाअल्ला.”

मी पहिल्यांदाच त्यांचे आभार मानले.