गेटवे नेमकं उन्हाच्या बाजूला

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "बोटीतून मुंबई बघितलीस, नशीबवान आहेस हं." नशीबवान? तुम्हाला सांगते, बोटीतून मुंबई बघायला नशीब लागत नाही, जागा लागते. आणि जागा मिळवायला तोंड लागतं, आणि माझं तोंड फक्त जेवायच्या कामाचं. म्हणजे मी बोलते, पण मनात. मनात मी फार स्पष्ट बोलते. वर्गात माझं 'हजर' बाईंपर्यंत पोचतच नाही, म्हणून एकाच बाकावरची माझी मैत्रीण झीनत माझी हजेरी देते आणि बोलणी खाते. मी काय बोलणार?

तर झालं असं की शाळेच्या स्नेहसंमेलनात एक नाटक होतं. त्यात एक माणूस तीस वर्षांनी बोटीतून मुंबईला परत येतो, आणि त्याच्यामागे पडद्यावर बंदर पाहिजे. तो पडदा रंगवायचा झीनतने आणि मी. आता आम्ही सोलापूरच्या मुली, आम्ही समुद्र बघितलाय तो भूगोलाच्या पुस्तकात, निळा आणि सपाट. झीनतने मोबाइलवर फोटो शोधून बघितले आणि म्हणाली, "हे सगळे जमिनीवरून काढलेत गं. तो माणूस पाण्यातून येतोय ना? त्याला कसं दिसेल?" सर म्हणाले, "अगं, कुणाला कळतंय?" झीनत म्हणाली, "मला कळतंय." झालं. पडदा कोराच राहिला.

आणि बघा, त्याच आठवड्यात मल्लव्वा आत्याच्या रुद्राणीला अलिबागला नर्सची नोकरी लागली. तिला सामानासकट पोचवायला निघाले आत्या, माझे थोरले काका बिरप्पा तात्या, आणि ओझी उचलायला मी. येताना मांडव्याहून बोटीने थेट गेटवेला उतरायचं, तिथून स्टेशन, तिथून सोलापूर. झीनतला सांगितलं तर तिने माझे दोन्ही खांदे धरले. "नीट बघून ये. कमान कुठे, घुमटाचं हॉटेल कुठे, आधी काय दिसतं, मग काय दिसतं. फोटो नको, तू बघ. सगळ्यात भारी जागा म्हणजे एकदम पुढे. ती नाही मिळाली तर डावा कठडा. डावा, लक्षात ठेव, मुंबई डावीकडे असते." मी तळहातावर पेनाने 'डावा' लिहून ठेवलं.

आता इथे बिरप्पा तात्यांबद्दल सांगायला पाहिजे. तात्या सांगोल्याचे, म्हणजे आमच्या मूळ गावचे, एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. आणि तुम्हाला माहीतच असेल, आमच्याकडे माणूस कुठल्याही गाडीत चढण्याआधी सूर्याकडे बघतो. नमस्कार करायला नाही, तो कुठल्या बाजूने मारणार ते बघायला. तात्या मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले, कपाळावर हात धरला आणि म्हणाले, "बोट जाणार वरच्या अंगाला, उत्तरंला. वाजल्यात चार. म्हंजी ऊन डावीकडं, सावली उजवीकडं. उजवीकडं बसायचं. मल्लव्वा, टावेल टाक."

मी तळहाताकडे बघितलं. मी काय बोलणार?

टॉवेल म्हणजे, माझे पप्पा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, त्यामुळे आमच्या घरात धाग्याची चूक असलेले टॉवेल इतके की पाहुण्याला जाताना एक दिल्याशिवाय सोडत नाहीत. आत्याने रुद्राणीसाठी चौदा नेले होते. रुद्राणीने तीन ठेवले, बाकी परत दिले. म्हणजे बोटीत चढताना आत्याच्या पिशवीत अकरा टॉवेल. आणि आत्याने, तुम्हाला सांगते, लोक शांतपणे रांगेत चढत असताना धक्क्यावरूनच खिडकीतून टॉवेल आत फेकला, जसा आपण अक्कलकोटच्या गाडीत फेकतो तसा. तो पडला एका गॉगलवाल्या बाईंच्या मांडीवर. त्या म्हणाल्या, "हे काय आहे?" आत्या बाहेरून म्हणाली, "जागा धरली की ताई. तुमी बसा, पर तेवढी सोडून बसा."

तर आम्ही बसलो उजवीकडे, सावलीत, गार वाऱ्यात, आणि उजवीकडे काय होतं? पाणी. मग आणखी पाणी. मग एक गंजलेलं जहाज आणि त्याच्यावर वाळत घातलेली एक लुंगी. तात्या खूश. "बघ की, कसा गार वारा लागतोय. आन् ती बघ डावीकडची मान्सं, कशी भाजल्याती." डावीकडची माणसं खरंच डोळे बारीक करून बसली होती. पण त्यांच्या पलीकडे, अगदी लांब, धुरकट असं काहीतरी उगवायला लागलं होतं.

मी उठले. पुढे गेले. पुढे एक मुलगा दोन्ही हात पसरून उभा, त्याचा मित्र त्याचा फोटो काढतोय, मग मित्राने हात पसरले आणि याने फोटो काढला, मग दोघांनी पसरले. त्यांच्यामागे मी आणि माझ्यापुढे त्यांच्या दोन सॅक. मी म्हणाले, "जरा..." मनात. पुन्हा म्हणाले, "जरा सरकता का..." हेही मनात. तेवढ्यात मागून तात्यांचा आवाज, बिघडलेल्या इंजिनावरून बोलायची सवय असलेला तो आवाज, "ये पोरी, उन्हात हुबी ऱ्हाऊ नगंस, चक्कर येईल. हितं ये सावलीत." सगळी बोट वळून माझ्याकडे बघायला लागली. मी काय बोलणार? गेले सावलीत.

मग म्हटलं, मागे जाऊन बघू. मागे सीगल. लोक त्यांना शेव टाकत होते आणि ते हवेतल्या हवेत झेलत होते. आत्याला दया आली. "पाखरं उपाशी हाईत," म्हणून तिने कडक भाकरीचा तुकडा भिरकावला. एका सीगलने तो झेलला, चावायला बघितला, चोचीत फिरवला, आमच्याकडे असं बघितलं की काय सांगू, आणि समुद्रात सोडून दिला. आत्या म्हणाली, "अय्यो, सवय न्हाय त्याला." या गडबडीत मागच्या बाजूनेही काही दिसलं नाही.

राहिला डावा कठडा. मी हळूच तिकडे निघाले, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, दोन माणसांच्या मधे माझ्यापुरती फट होती. मी पोचणार, तेवढ्यात आत्याला तिथली एक लेकुरवाळी दिसली, बाळाच्या डोळ्यांवर पदर धरून बसलेली. आत्याने पिशवीतला टॉवेल काढला आणि दोन खांबांना बांधून दिला. बाळ निजलं. बाळाची आई म्हणाली, "फार उपकार झाले, मावशी." मग शेजारचे आजोबा म्हणाले, "आमच्याकडे पण एक बांधता का?" मग त्यांच्या शेजारचे. मग त्या गॉगलवाल्या बाई, ज्या मघाशी चिडल्या होत्या, त्या स्वतः येऊन म्हणाल्या, "तो गुलाबी मिळेल का?" पाच मिनिटांत बोटीची डावी बाजू पुढून मागपर्यंत बंद. रांगेने टॉवेल, पट्ट्यापट्ट्यांचे. गाठी मारायला तात्या. आणि सगळी बोट सावलीत, सगळे आत्याला दुवा देतायत, आणि पलीकडे माझी मुंबई.

पुढून कुणीतरी ओरडलं, "गेटवे दिसलं."

मला झीनत दिसली, कोरा पडदा दिसला. मी म्हणाले, "टॉवेल काढा." मनात नाही, तोंडाने, पण इंजिनाच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाले. बाळाच्या आईने फक्त "अं?" केलं. आणि तिसऱ्यांदा, कुठून आला कुणास ठाऊक, असा आवाज आला की पुढच्या मुलांनी पसरलेले हात खाली घेतले. "तात्या, टॉवेल काढा, मला बघायचंय!"

तात्या म्हणाले, "अगं, ऊन लागंल की."

"लागू दे."

"बोलती व्हय ही?" आत्या म्हणाली.

तात्यांनी गाठ सोडली. आणि तुम्हाला सांगते, टॉवेल खाली आला तशी सगळी बोट उठून कठड्याला चिकटली, हातात मोबाइल, आणि माझ्यापुढे पाठीच पाठी. आता मी पुन्हा काय बोलणार? एकदा बोलायचं ते बोलून झालं होतं. पण तात्यांना काय कळलं कुणास ठाऊक, त्यांनी माझा दंड धरला आणि एकतीस वर्षांचा आवाज लावला, "चला, सरका फुडं, मधी वाट सोडा, मागं लई जागा हाय!" आणि मुंबईची माणसं मुकाट सरकली.

मला चार मिनिटं मिळाली. आधी गेटवे काडेपेटीएवढं होतं. मग चार बुरूज वेगळे दिसायला लागले. डावीकडे घुमटाचं हॉटेल, आणि बोट वळली तशी कमान त्याच्यापुढून सरकत गेली. पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, खालच्या पायरीवर हिरवं शेवाळ. जमिनीवरच्या फोटोत ते नुसतं उभं असतं. पाण्यातून बघितलं तर ते चालत आपल्याकडे येतं. माझे डोळे उन्हाने गळत होते, पण मी एकदाही मिटले नाहीत.

घरी येऊन झीनतला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हौ, असंच पाहिजे." अकरा दिवस आम्ही रंगवलं. शेवाळसुद्धा काढलं. सरांनी वाकून शेवाळाला बोट लावून बघितलं, म्हणजे बघा.

संमेलनाच्या दिवशी आम्ही दोघी पालकांच्या मधोमध जागा धरून बसलो. नाटक सुरू झालं. तो माणूस आला. आणि त्याचं स्वागत करायला धक्क्यावरची गर्दी आली, कारण 'आमच्या मुलाला का घेतलं नाही' म्हणून पालक भांडतात, त्यामुळे सरांनी आम्ही दोघी सोडून अख्खा वर्ग गर्दीत घातला होता. बत्तीस जण. उंच मुलं बाकांवर उभी. कमान गेली, हॉटेल गेलं, पायऱ्या तर गेल्याच गेल्या. डोक्यांच्या वर उरलं नुसतं आकाश.

शेजारच्या बाई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "तू काढलंयस ना? मुंबईचं आकाश अगदी हुबेहूब उतरलंय हं."

आता त्यांना काय सांगू? आकाश तर आमच्या सांगोल्यातही आहे. तिथे तर दुसरं काही नाहीच.