दिवाळीपासूनची गाठ

हॅलो?… हां, मीच. कस्तुरामावशी बोलायलेय… सत्यशीला? औरंगाबादहून? अगं, मोठ्यानं बोल जरा. सिद्रामप्पाच्या दुकानात गिऱ्हाइकांचा लय कालवा हाय… हां, आता यायलंय ऐकू.

कशी हाय पारू?… मानेतली गाठ काढून तपासली? मग?…

काय म्हन्ले?… गाठींचा… कॅन्सर?

थांब. थांब बाई. 

हो, हो… ऐकायलेय. इलाज हाय म्हन्ले ना डॉक्टर?… सलाईनमधून औषध. बरं… रडू नको. बाळ कुनापाशी हाय?… बरं.

काय इचारायलेत डॉक्टर?… गाठ कवापासून हाय?… आन् तुझी आई काय सांगती?… पंधरा दिवस?

 

अगं ऐक ना. पंधरा दिवस न्हाई. दिवाळीपासून हाय… मला कसं ठावं म्हंजे? तिची झंपरं कोन शिवतं? माप घेताना हाताला लागली. मानेपाशी, गळ्याच्या हाडाच्या वरल्या अंगाला. बोराएवढी… न्हाई, दुखत नव्हती. दाबली तरी न्हाई. रबरासारखी नुसती सरकायची. दुखत न्हाई म्हनून तर दोघीबी गप्प बसलो.

हो, तू बाळंतपनाला आलेली व्हतीस तवा. तिनं माझा हातच धरला. म्हन्ली, “कस्तुरे, पोरगी बाळ घिऊन सासरी जाईपतुर तोंड उघडायचं न्हाई.” शपथ घातली… कुनाची म्हंजे? तुझी. पोटुश्या पोरीची शपथ, मी कशी मोडू?…

हो… हो, माझंच चुकलं.

आता ऐक, डॉक्टरला समदं सांग. संक्रांतीला दुसरी आली, काखेत. झंपराची काख सैल करून दिली मी… हो, ह्याच हातानं. आन् त्याच झंपराच्या कडा दोन येळा आत घेतल्या. काख तंग व्हायली, अंग वाळायलं, आन् मला कळू नये? मनाला म्हन्ले, नातवापायी जागरन व्हायलंय… तुलाबी तसंच वाटलं? तुझा काय दोष गं? तू ओली बाळंतीन. माझ्या तर बोटांखाली व्हतं समदं.

ताप?… यायचा की. सांजच्याला चढायचा, जायचा. खाजबी लय. पुरळ न्हाई, काई न्हाई, नुसती खाजवत बसायची. आन् घाम. भर थंडीत झंपर पिळून काढावं असा घाम. चार झंपरं जास्तीची शिवून घेतली तिनं. मी इचारलं, एवढी कशाला? म्हन्ली, रातीतून दोनदा बदलावं लागतं. आन् मी… मी इचारलं, कापड कोनत्या रंगाचं आनू.

 शिव्या दे मला, सत्यशीला, दे.

दवाखान्यात का नेलं न्हाई?… पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो व्हतो आमी, तवा म्हन्ले मी. परभणी कितीशी लांब हाय तिथून? चल, मोठ्या डॉक्टरला दाखवू. तर म्हन्ली, बाळाला धुरी द्यायची हाय, घरी चल. आन् मी गुमान पालमच्या येष्टीत बसले.

काय?… ती तिथंच बाकड्यावर बसलीय? समदं ऐकलं?… दे. दे तिला.

पारू?… हो, सांगितलं… रागाव. लय रागाव, ऐकायलेय मी… शपथ मोडल्याचं काईच वाटत न्हाई मला. लय उशिरा मोडली गं… बरं, दम लागायलाय तर बोलू नको. मी उद्याच निघते… नको येऊ म्हनायलीस? येनारच मी… पारू, तू नुसती… हॅलो? हॅलो?… पारू?

सिद्रामप्पा, लाइन गेली हो… न्हाई, परत नका लावू. औरंगाबादची पहिली गाडी किती वाजता हाय, तेवढं सांगा.