खंडेनवमीला पुजलेलं धनुष्य

तुमाला वाटतंय माझं पहिलं धनुष्य तुटलं. अरं, तुटलं असतं तरी परवडलं असतं.

दोन महिने धामणीचं लाकूड तासून धनुष्य करत होतो मी. दसऱ्याला गावापुढं पहिला बाण मारायचा होता. शिकवणाऱ्या सरांनी एकच गोष्ट बजावली होती, "लाकूड अजून ओलसर हाय. बाण मारून झाले की लगेच दोरी उतरव, न्हाईतर लाकडाचा दम जाईल, मग बाण चार पावलंबी जायचा न्हाई."

खंडेनवमीला सकाळी दोरी चढवली, अंगणात दोन बाण मारले नि आंघोळीला गेलो. येऊन बघतो तर कोयता नि कुऱ्हाडीच्या मधी माझं धनुष्य, दोरीसकट. वर हळद-कुंकू, झेंडूची माळ.

"आई, दोरी तेवढी उतरवू दे."

"हात लावायचा न्हाई. पुजलेलं हत्यार दसऱ्याबिगर हलत न्हाई."

"आगं, लाकूड मरतंय."

"देवापुढं काय मरत न्हाई. गप बस."

दिवसभर मी लांबनंच त्याच्याकडं बघत बसलो. दुसऱ्या दिवशी आईनं नारळ फोडल्याबरोबर पळत जाऊन दोरी काढली. धनुष्य सरळ झालंच न्हाई. दोरी हातात, तरी ते आपलं वाकलेलंच.

आईनं ते हातात घेतलं, चारी बाजूंनी निरखलं नि लय कौतुकानं म्हणाली, "बघ, देव पावला. आता तुला रोज वाकवाय नको."