भाकरी थापणारी आई

मंडळी, सांगा बरं — शास्त्रात कुणी प्रेमाने एक ओळ वाढवली, तर ती ठेवायची की काढायची? घाई नको! आधी ऐका.

साल एकोणीसशे त्रेपन्न. आपल्या करंजवाडीच्या ख्रिस्ती देवळात नवं छापलेलं बायबल आलं. वाचणार कोण? तबिथाबाई! पंचक्रोशीत देवळात उभी राहून वाचणारी पहिली बाई — आपल्या गावची! तिने बेथेस्दाच्या तळ्याची गोष्ट — आजारी माणसं तळ्याचं पाणी हलायची वाट बघत काठावर पडून असतात, ती — वाचली मात्र, पंच याकोबराव उठलेच!

"थांब! पाणी हलवायला देवदूत उतरतो, ती ओळ कुठाय? देवदूत खाल्लास?"

"मामा, तो पानाच्या खाली तळटीपेत आहे, बारीक अक्षरात. फार जुन्या हस्तलिखितांत ती ओळ नाही."

"जुनंच पुस्तक आणा! आणि वाचायला पुरुष उभा करा!"

तबिथाबाईच्या मनात आलं — ही जागा गेली, तर पुन्हा कुठली बाई इथे उभी राहणार? तिने पदर खोचला.

"मामा, प्रभूने पाच भाकरींत हजारोंना जेवू घातलं, ती गोष्ट म्हणता? तुम्हाला तोंडपाठ!"

मामांनी छाती पुढे काढली. "एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी होत्या, त्याच्या आईने पहाटे थापलेल्या —"

"ही आई दाखवा."

जुनं उघडलं — आई नाही! नवं उघडलं — नाही!

"अरे, इथल्या चाळीस जणांना पाठ आहे!" मामा म्हणाले.

"शिकवलं कुणी?"

कोपऱ्यात देवळाचे म्हातारे धर्मगुरू, थोरले पाळक सत्वाबाबा हसू लागले. "मीच रे! वाचता वाचता म्हणायचो. पोरांना आपली आई आठवावी म्हणून."

"म्हणजे तोंडं चाळीस, झरा एकच!" तबिथाबाई म्हणाली. "शेजारच्या गावी पाळक दुसरे, तिथल्या पोरांना ही आई ठाऊक नाही. विद्वान तरी वेगळं काय करतात? प्रती शेजारी ठेवायच्या, कुणी कुणाची नक्कल केली ते ताडायचं, आणि लिहिणाऱ्याने मुळात काय लिहिलं तिथवर जायचं. लोक पाणी हलायची वाट का बघत, ते कुणी समासात लिहिलं असेल. पुढच्याने मूळच समजून आत घेतलं, असं ते म्हणतात. देवदूत हाकलला नाही, मामा. ओसरीवर बसवलाय."

मामा म्हणाले, "आणि आपली आई?"

"तीही ओसरीवर!"

"बरं... वाच पुढं, पोरी."

सत्वाबाबा त्याच हिवाळ्यात प्रभूकडे गेले. याकोबराव पुढे जन्मभर तळटीप स्वतः वाचायचे — मोठ्याने, तबिथाबाईला अडवून! तबिथाबाई डोळे जाईपर्यंत वाचत राहिली. तिच्यामागे तिथे बाईच उभी राहत आली. आणि भाकरीवाली आई? ती आम्ही अजून सांगतो — पण पुस्तक मिटल्यावर!

आता तुम्ही बोला. "देवाने सांगितलंय" म्हणून सुनेला, लेकीला रोज जे ऐकवता — ते त्याने सांगितलंय? की तुम्हीच आत घातलंय? जा घरी. पुस्तक उघडा. दाखवा!