पाहुण्यांचे पापड

नियम मोडलेला मला खपत नाही, तुम्हाला माहीत आहे. तरी ऐका. कॅम्प पाच या आमच्या वस्तीतली सिंधी शेजारीण देवीबाई घरगुती मीटरवर मशीन चालवून पापड विकते. परवा मी तिच्याकडे असताना वीजवाला साहेब तपासणीला आला. गच्चीभर पापड वाळत होते. धंदा आहे असं ठरलं असतं, तर दंड बसला असता आणि बिल धंद्याच्या दराने आलं असतं.

"इतने पापड किसके लिए?" त्याने विचारलं.

"मेहमानों के लिए, साहब. हमारे यहाँ पापड-पानी के बिना कोई जाता नहीं." असं म्हणून तिने त्यालाही एक भाजून दिला.

तो खाता खाता म्हणाला, "बढ़िया है. किलो कैसे दिया?"

देवीबाईने सवयीने तोंड उघडलं.

मी मध्ये पडलो. "साहेब, पाहुण्याला भाव सांगत नाहीत."