निळ्या झाकणाची बाटली

टँकरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या, म्हातारी एदेलमिरा आणि तिची शेजारीण योलांडा.

"मावशी, एवढासाच कॅन? टँकर आता एकदम गुरुवारी येणार."

"पुरतं मला. लेकीकडचं आणते की."

"तुमच्या आमांकायच्या, रस्त्याकडेच्या देवळीतलं? ट्रकनं तिला उडवलं तिथलं? अहो, तिला तहान लागू नये म्हणून लोक त्या बाटल्या ठेवतात!"

"मग उन्हात तापू देऊ? थेंब सांडला तरी ओरडायची ती."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. बागवाल्यांनी नदी वळवली, तेव्हा शाळेतली चार पोरं घेऊन ती रस्त्यावर बसली. तेव्हा कुठं होते लोक? तू आलीस?"

"आमचे हे त्यांच्याच बागेत अव्होकाडो तोडतात, मावशी. कशी येणार?"

"माहीत आहे गं. निळ्या झाकणाची बाटली तूच ठेवतेस, तेही माहीत आहे."

"नको ठेवू?"

"ठेव. फक्त झाकण घट्ट लावत जा. मागची अर्धी सांडली होती."

"अगंबाई! मग?"

"मग काय? ओरडायला कुणी नव्हतं."